काचकारखान्यामागचा फुटपाथ

माझं लग्न ठरायच्या आधी मी माझ्या सासूबाईंना एकदा रस्त्यात पाहिलं होतं, आणि ही बाई ठार वेडी आहे असं माझं मत झालं होतं. भर दुपारी बँकेसमोरच्या फुटपाथवरून त्या बाबागाडी ढकलत चालल्या होत्या. गाडीत बाळ नव्हतं. दुपट्यात गुंडाळलेली वाळूची पिशवी होती. विजेच्या खांबापाशी गाडी अडकली. त्यांनी ती मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा पुढे रेटली, आणि शेवटी खांबाकडे बघून म्हणाल्या, "तुला उभं राहायला दुसरी जागा नाही मिळाली का रे?" शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी कौतुकानं गाडीत डोकावलं आणि वाळूची पिशवी बघून असे दचकले, की त्यांची काठीच हातातून निसटली. बाईंनी ती उचलून दिली आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही रोज इथून जाता? मग या खांबाला वळसा घालताना रस्त्यावर उतरता की भिंतीला चिकटून जाता?"

काही महिन्यांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं मला घरी नेलं, तर दार उघडायला त्याच बाई. आणि दाराआड घडी करून ठेवलेली तीच बाबागाडी.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नगरपालिकेच्या रस्ते विभागात होत्या. शहरातल्या कुठल्या भागात माणसाला पायी नीट चालता येतं, हे बघून त्या त्या भागाला गुण द्यायचे, हे त्यांचं काम. फुटपाथ किती रुंद, त्याची कड किती उंच, मध्ये दुकानाचा माल येतो का, सावली आहे का, दमलेल्या माणसाला टेकायला जागा आहे का, सिग्नल हिरवा असेपर्यंत म्हातारं माणूस पलीकडे पोचतं का, दिवे गेले तर एकटी बाई तिथून जाईल का, असं सगळं. टेप आणि घड्याळ ऑफिसनं दिलेलं होतं. बाबागाडीची कल्पना त्यांची स्वतःची. माझ्या नवऱ्याची लहानपणची गाडी. "टेप खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. गाडी अडली की रस्ता अडला," असं त्या म्हणायच्या. सगळ्या शहरात त्यांचं नाव फुटपाथबाई.

लग्नानंतर आम्ही भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा या कामानं आमचा जीव खाल्ला. घरमालक किल्ली घेऊन उभा असायचा आणि आई घर बघायच्याच नाहीत. त्या आधी कोपऱ्यावर जाऊन दूध घेऊन यायच्या. "घर कसं आहे ते आत गेल्यावर कळेलच. घरापर्यंत पोचता येतं का, ते आधी बघू." अशी चांगली हवेशीर घरं आम्ही दुधापायी सोडली.

त्यांच्याबरोबर एकदा टेकडीवरच्या श्रीमंत वस्तीत गेले होते. फुटपाथ आरशासारखे, दुतर्फा झाडं, बसायला बाक. मी म्हटलं, "आई, इथं तर शंभरपैकी शंभर."

"द्यावे लागतील," त्या नाराजीनं म्हणाल्या. "पण माणूस दिसतंय का एक तरी? दुकान नाही, दवाखाना नाही, शाळा नाही. इथं चालता येतं गं, पण चालत जायचं कुठे?"

या कामात त्यांना एक जोडीदारीण होती. माझा नवरा तिला उंचमावशी म्हणायचा, म्हणून मीही. आई जेमतेम तिच्या खांद्याला लागायच्या. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या, आणि पहिल्या दिवसापासून वाटणी ठरली: रस्त्याची डावी बाजू आईंनी बघायची, उजवी उंचमावशीनं. त्या सवयीपायी सिनेमाला जातानासुद्धा दोघी तशाच चालायच्या. सासरे अचानक गेले तेव्हा उंचमावशी आपली पिशवी घेऊन आईंच्या घरी आली आणि महिनाभर आईंच्या शेजारी गादी टाकून झोपली. माझ्या नवऱ्याचे शाळेचे डबे तिनं भरले. आई रडत नव्हत्या, तर तिनं त्यांना हाताला धरून नदीकाठच्या लांबलचक रस्त्यानं चालवलं, चालवलं, आणि कुठल्याशा पुलावर आई एकदाच्या रडल्या. सख्खी बहीण काय करेल, असं नातं.

पुढे उंचमावशीचे गुडघे गेले. जिने उतरताना ती एका हातानं कठडा आणि एका हातानं आईंना धरायची. ऑफिसनं तिला टेबलाचं काम दिलं, मग वरची जागा दिली. आता आईंनी पाहणी करायची आणि उंचमावशीनं ती वरच्या साहेबांपुढे मांडायची, अशी नवी वाटणी झाली. आईंना आनंदच झाला. "इतकी वर्षं आपलं ऐकायला वर कोणी नव्हतं. आता आपलं माणूस आहे."

त्याच वर्षी काचकारखान्यामागच्या वस्तीची पाहणी निघाली. कारखाना कधीच बंद पडलेला, पण वस्ती माणसांनी गजबजलेली. मधून एक रस्ता जायचा. त्याला फुटपाथ असा नव्हताच. दुकानांच्या पायऱ्या, पाण्याची पिंपं, उभ्या केलेल्या सायकली, आणि उरलेल्या जागेतून वाहनं. तरी सकाळ-संध्याकाळ सगळी वस्ती त्याच रस्त्यानं पायी जायची. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला बसथांबा, दवाखाना, शाळा. आईंची बाबागाडी तिथं दहा पावलंसुद्धा धड गेली नाही. त्यांनी निष्कर्ष लिहिला, "या रस्त्यावर चालता येत नाही." खाली शिफारस, की फुटपाथ सगळ्यात आधी इथं हवा.

उंचमावशी घरी आली होती तेव्हा आईंनी विषय काढला. मी तिथंच भाजी निवडत होते.

"फुटपाथ मिळेल," उंचमावशी म्हणाली. "पण जागा कुठंय? दुकानदारांनी पायऱ्या मागे घेतल्या तर मला वर बोलता येईल."

"ते घेतील का?"

"तू सांगितलंस तर घेतील. तू त्यांना सांग, वरचं मी बघते."

आई दुसऱ्या दिवसापासून वस्तीत जाऊन बसू लागल्या. कोपऱ्यावर एका टेलरमास्तरांचं दुकान होतं. बुटका, बडबड्या माणूस, गळ्यात कायम टेप. "बाई, तुमचाही टेप, माझाही टेप. पण मी माप घेतलं की कपडा मिळतो. तुम्ही माप घेऊन जाता आणि मिळत काहीच नाही," असं त्यांनी पहिल्याच भेटीत ऐकवलं. त्यांच्या दुकानाला दगडाची रुंद पायरी होती. मास्तरांची बायको दिवसभर त्या पायरीवर उजेडात बसून काजं-बटणं करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायची.

आई त्या पायरीवर बसून सगळ्यांना समजावायच्या. आधी लोकांनी हसण्यावारी नेलं. मग मास्तरच एक दिवस म्हणाले, "बाई, तुम्ही शब्द देता?"

"देते," आई म्हणाल्या.

मास्तरांनी स्वतः पहार घेऊन पायरी फोडली. त्यांनी फोडली म्हणून किराणावाल्यानं आपला ओटा काढला, न्हाव्यानं खुर्च्या आत घेतल्या, सायकलवाल्यानं टपरी मागे सरकवली. महिन्याभरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ, सरळ पट्टा निघाला. आईंनी बाबागाडी काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता नेली. पोरं मागून ओरडत होती. घरी आल्यावर त्यांनी उंचमावशीला फोन लावला. "अगं, गाडी गेली! अख्खी गेली!" फोन ठेवल्यावरही त्या खोलीत येरझारा घालत होत्या.

त्यानंतर नगरपालिकेनं त्या रस्त्याच्या कामासाठी सुनावणी ठेवली. आईंनी मला मुद्दाम बरोबर नेलं. "चल, बघ तरी सासू काय करते ते." सभागृह भरलं होतं. अर्धी वस्ती आली होती. टेलरमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत, शेजारी त्यांची बायको. व्यासपीठावर मोठे साहेब, दोन अधिकारी, आणि टोकाला उंचमावशी. आईंनी हात हलवला. उंचमावशी समोरचे कागद बघत होती.

साहेबांनी पडद्यावर नकाशा दाखवला. त्यात फुटपाथ नव्हता. त्यात वाहनांसाठी दोन्ही बाजूंनी रुंद केलेला रस्ता होता, आणि मधोमध लोखंडी कठडा, वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला वाटलं, चुकून दुसरा नकाशा लागला. साहेब बोलतच होते. "या भागाची पाहणी आमच्या सर्वांत अनुभवी कर्मचारी बाईंनी स्वतः केलेली आहे. आपण सगळे त्यांना ओळखता. त्यांचा निष्कर्ष असा, की या रस्त्यावर कोणी चालत नाही. शिवाय रुंदीकरणासाठी दुकानदारांनी स्वखुशीनं जागा मोकळी करून दिली, त्याबद्दल त्यांचे आभार."

सभागृहात क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग सगळ्या माना आईंकडे वळल्या.

आई उठल्या. "हे मी लिहिलेलं नाही. मी लिहिलं होतं, चालता येत नाही. कोणी चालत नाही, असं नाही लिहिलं."

साहेब हसले. वाईट नव्हे, समजूतदार हसले, आणि तेच जास्त वाईट होतं. "बाई, एकूण एकच ना? चालता येत नाही, म्हणून चालत नाहीत."

मागून कोणीतरी हसलं. हातातली पिशवी आईंनी या हातातून त्या हातात घेतली. मग व्यासपीठाच्या टोकाकडे बघून, घरात बोलावं तसं म्हणाल्या, "सांग ना गं त्यांना."

उंचमावशीनं पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. वर न बघता ती म्हणाली, "पाहणी त्यांचीच आहे."

आई खाली बसल्या. पुढचं त्यांनी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

सुनावणी संपली तेव्हा दारात गर्दी होती. आम्ही बाहेर पडेपर्यंत लोक आपापसात आम्हाला ऐकू येईल असं बोलत होते. "गाडीत वाळू भरून फिरायची. आपल्याच डोळ्यांत घातली." मास्तर बायकोला हाताला धरून आमच्या अगदी जवळून गेले, आणि त्यांनी आईंकडे पाहिलंसुद्धा नाही. आई घरापर्यंत चालत आल्या. मी रिक्षा थांबवली होती, त्या बसल्या नाहीत. अख्ख्या वाटेत फक्त एकदा बोलल्या. "तिला बोलता आलं नसेल. साहेब शेजारी होते ना."

चार-पाच दिवस त्या फोनकडे बघत राहिल्या. मग उंचमावशी स्वतःच आली. मी चहा केला. ती नेहमीच्या खुर्चीत बसली, आई नेहमीच्या. कोणी बघितलं असतं तर रोजचीच भेट वाटली असती.

"रस्ता आधीच ठरला होता," उंचमावशी म्हणाली. "तू काहीही लिहिलं असतंस तरी झालाच असता. अर्धं आयुष्य गुण देत फिरलो आपण. एक तरी फुटपाथ झाला? सांग."

"ठरला होता, तर माझं नाव कशाला हवं होतं?"

उंचमावशीनं चहाचा कप हातानं थोडा पुढे सरकवला.

"तुझं घालायचं. साहेबांचं घालायचं. माझंच का?"

"तिथली माणसं तुझ्यावर विश्वास ठेवतात म्हणून," उंचमावशी म्हणाली. "ओरड झाली नसती."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आई शांत होत्या. हिशोब नीट समजून घ्यावा तसं त्यांनी पुढचं विचारलं.

"आणि पायऱ्या? मी त्यांना पायऱ्या काढायला सांगत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"अंदाज होता, की माहीत होतं?"

उंचमावशीनं आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. "माहीत होतं. मला ती वरची जागा टिकवायची होती गं. हे गुडघे घेऊन मी पुन्हा रस्त्यावर फिरू शकले नसते. वाटलं, तू समजून घेशील. तू नेहमीच घेतेस."

आई उठल्या. उंचमावशीच्या समोरचा चहाचा कप तसाच भरलेला होता. तो त्यांनी उचलला, आत नेऊन मोरीत ओतला, आणि विसळून पालथा घातला. मोठ्यानं बोलणं नाही, शिव्याशाप नाहीत. उंचमावशी बघत राहिली. मग तिनं पर्स घेतली.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरताना तिला हात लागायचा, आणि तो हात नेहमी आईंचा असायचा. मी पुढे झाले, तर आईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी जागच्या जागी थांबले. एकेक पायरी उतरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मधे थांबायचा, पुन्हा यायचा. तो पूर्ण थांबेपर्यंत आई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. केसानं गळा कापला म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं. कापणारीचे डोळे भरले होते, आणि जिचा कापला तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

आई हात बांधून बसल्या नाहीत. त्यांनी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की मुदत संपली आहे. साहेबांकडे गेल्या, तर साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तुमच्या भावना आम्ही समजतो म्हणून सांगितलं. मग त्यांची बदली जन्ममृत्यू नोंदणीच्या खोलीत झाली. तिथं त्या आठवडाभर बसल्या आणि राजीनामा देऊन घरी आल्या. माझ्या नवऱ्यानं समजावलं, "आई, निवृत्तीला थोडंच राहिलं होतं." त्या म्हणाल्या, "तिथं, त्या कागदावर माझं नाव आहे रे. मी उठले तरी ते राहणार आहे. निदान मी तरी उठते."

रस्ता झाला. काळाकुळकुळीत, गुळगुळीत. लोखंडी कठडाही झाला. दवाखान्यात जायला आता वस्तीला पार टोकापर्यंत जाऊन वळून यावं लागायचं. तरुण माणसं कठड्यावरून उड्या मारायची. म्हातारी माणसं दवाखान्यात जाणंच टाळायला लागली.

आई टेलरमास्तरांकडे गेल्या. मी बरोबर होते. त्यांना एकटीला जायचं धैर्य नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं. वाहनं दुकानाच्या दाराला घासून जात होती. मास्तरांनी मशीन थांबवलं. आईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, मैत्रिणीचंही. काही लपवलं नाही.

मास्तरांनी ऐकून घेतलं. "बाई, तुम्हालाही फसवलं, हे मला कळतं," ते म्हणाले. "पण पायरी मी माझ्या हातानं फोडली. माझी बायको तिथं बसायची. आता ती आत बसते, दिव्याखाली, दिवसभर एकटी. तिला मी रोज काय सांगू? की बाईंनाही फसवलं?"

आतल्या बाजूला त्यांची बायको मान खाली घालून बटण लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. आई म्हणाल्या, "बरोबर आहे." मास्तरांनी मशीन पुन्हा सुरू केलं, आणि आम्ही निघालो.

त्यानंतर आईंनी बाहेर जाणं जवळपास सोडलं. ज्या बाई दुधासाठी तीन गल्ल्या हिंडायच्या, त्या खिडकीतून पिशवी खाली सोडायला लागल्या. बाबागाडी त्यांनी कोणाला तरी देऊन टाकली. उंचमावशीचे निरोप माझ्या नवऱ्याकडे यायचे. तब्येतीचे, वाढदिवसाचे, निवृत्तीच्या समारंभाचे. तो ते पोचवायचा, आई "हं" म्हणायच्या. समेट घडवायचा त्यानं एकदा प्रयत्न केला. "तिनं तुझ्यासाठी किती केलंय, बाबा गेले तेव्हा..." आई म्हणाल्या, "म्हणून तर. परक्या बाईनं केलं असतं तर आतापर्यंत विसरले असते."

त्या घराबाहेर पडल्या त्या एका वेगळ्याच कामासाठी. आमच्या भागात दृष्टी गेलेल्या लोकांची एक संस्था आहे. आंधळेपण उतारवयात आलं की माणसाला रस्त्यावर चालणं नव्यानं शिकावं लागतं. पांढरी काठी कशी फिरवायची ते तिथले शिक्षक शिकवतात, पण खऱ्याखुऱ्या रस्त्यावर बरोबर चालायला माणसं कमी पडत होती. मीच तिथं चौकशी केली आणि घाबरत घाबरत आईंना विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बूट घालून तयार.

शिकणाऱ्या माणसानं सोबत्याचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं, अशी तिथली पद्धत. पहिल्या दिवशी घरी आल्यावर आई पलंगावर बसून आपलं कोपर चोळत राहिल्या. "दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही गं. किती घट्ट धरतात. मी नेईन तिकडे येतात. मला भीतीच वाटली."

तरी दुसऱ्या दिवशी गेल्या, आणि आता रोज जातात. मी एकदा मागून चालत होते तेव्हा ऐकलं. त्यांचं कोपर धरून एक निवृत्त बसड्रायव्हर चालले होते. धिप्पाड माणूस, पण पाऊल टाकताना लहान मुलासारखा बिचकणारा. पूर्वीच्या आई असत्या तर म्हणाल्या असत्या, चला बिनधास्त, मी आहे ना. आता त्या एवढंच सांगत होत्या: "कड आहे, बोटभर उंच. डावीकडे सायकल उभी आहे. थांबा. आता चला."

"बाई, पुढे रस्ता चांगला आहे ना?" ड्रायव्हरनी विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत चांगला आहे," आई म्हणाल्या. "त्याच्या पुढचं तिथं गेल्यावर सांगते."